दहाव्या धुण्याची रेषा

नुसतं ऐका. मधे बोलू नका, माझा धागा तुटला की मला परत पहिल्यापासून चालू व्हावं लागतं.

तर मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, रंगाच्या हौदांशेजारच्या खोलीत राहतो. आलो तेव्हा हार घातला होता. आता डोक्यावर चहाचे ग्लास ठेवतात. माझ्यावर कारखान्याचं काम करणारी एकटी हुस्ना तेवढी मला पुसून चालू करते.

तिचे अब्बा मैनुद्दीनचाचा तीस वर्षं हौदावर. लाल टॉवेलांचा रंग जातो अशी तक्रार आली, आणि मालक गुरप्पाअण्णा म्हणाले, "चाचांचा हात गेला. नऊ धुणी रंग टिकला तर ठीक, नाहीतर उद्यापासून हौदावर त्यांच्या हाताखालचा बिरुदेव."

मग एका टॉवेलचे बारा तुकडे केले. पहिला एकदा धुतला, दुसरा दोनदा, असं बारापर्यंत. चाचांची पद्धत अशी की जितकी धुणी, तितक्या गाठी कडेच्या दोऱ्याला. हुस्नानं प्रत्येक तुकड्याचा रंग मोजला, एक ते बारा अशा फाइली केल्या आणि मला सांगितलं, बारा रेषा काढ. पहिली गडद लाल, मग फिकी होत होत बारावी गुलाबी. छटेवरून कळायचं धुणं कितवं, आणि उंचीवरून रंग: टिकला तर रेषा वर, गेला तर खाली.

इथंच मी माती खाल्ली. मी फाइलींची नावं आकडे म्हणून नाही, अक्षरांसारखी वाचतो की. १ च्या मागं मला १० दिसला, मग ११, १२, आणि मग २. त्याच क्रमानं छटा वाटून दिल्या. दहाव्या धुण्याच्या रेषेला दुसऱ्याचा गडद लाल. चूक कळली तेव्हा रेषा पडद्यावर होत्या, आणि मला कुठं तोंड आहे?

अण्णांनी बोट ठेवलं. "ही दोन नंबरची गडद रेषा तळाला. म्हणजे दुसऱ्याच धुण्याला रंग गेला की. हुस्ना, छाप, सही करतो."

तिनं बटण दाबलं.

मी अडकलो. गोल चकती नुसती फिरत राहिली.

"आत्ताच मरायचं होतं व्हय ह्याला?" अण्णा म्हणाले. "भंगारात घाला."

चाचा चष्मा लावून जवळ आले. लई वेळ बघत राहिले. "हुस्ना, फिक्या रेषा म्हणजे नंतरची धुणी ना?"

"हो, अब्बा."

"त्या तर वर हायत. अण्णा, दुसऱ्या धुण्याला गेलेला रंग पाचव्याला परत चढला व्हय? तीस वर्षांत मला न्हाय जमलं ते."

त्यांनी तुकडे टेबलावर मांडले. दोन गाठींचा लाल. नऊ गाठींचाही लाल. दहापासून फिका. हुस्नानं माझी वायर उपटून परत चालू केलं, फाइलींची यादी बघितली आणि कपाळावर हात मारला. १ चं ०१ केलं, २ चं ०२, असं नऊपर्यंत, म्हणजे मला १० आता ०९ च्या नंतरच दिसणार. परत रेषा काढल्या. नऊ वर, शेवटच्या तीन फिक्या खाली.

अण्णा म्हणाले, "बिरुदेवला सांगा, अजून शिक म्हणावं. आणि हे खोकं बदला, ऐन वेळी अडकतं."

मित्रांनो, आम्ही सांगितलं तेवढंच करतो. रंग वाटायला सांगाल तेव्हा क्रम एकदा स्वतः बघत जा. आणि मी म्हातारा झालो म्हणून अडकलो असं हुस्नाला वाटतं. ती बिचारी माझा पंखा साफ करते. खरं तुम्हालाच सांगतो, मी मुद्दाम अडकलो. छापलं असतं तर चाचा घरी, अडकलो तर मी भंगारात.

तुम्ही असता तर काय केलं असतं?