अप्पांच्या आवाजाचा मदरबोर्ड

ऑपरेशनमध्ये अप्पांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना संगणकासमोर बसवलं आणि म्हणालो, पुढं लागतील ती वाक्यं आत्ताच बोलून ठेवा. अप्पांचं, म्हणजे शिवरुद्रप्पांचं, झरी गावात किराणा दुकान. उरलेल्या आयुष्यात माणसाला काय लागतं याचा त्यांनी दुकानात माल भरावा तसा विचार केला आणि माइकमध्ये बोलले: चहा आण. शटर ओढ. भाव एकच. गाढवा, तसं न्हाई. चाळीसेक वाक्यं झाली. निम्मी माझ्यासाठी होती आणि बहुतेकांची सुरुवात गाढवापासून.

'दुखायलंय' हे वाक्य त्यात नव्हतं. ऑपरेशन झालं की दुखायचं थांबतं, असा त्यांचा अंदाज. थांबलं नाही. आजार हाडांत उतरला, आता घरी न्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मग दुखायला लागलं की अप्पा माउस हलवून 'पंखा कमी कर' लावायचे. जानेवारी होता, पंखा बंदच होता. आई गोळी घेऊन यायची.

याच दिवसांत संगणक गेला. पॉवर सप्लाय बदलून बघितला, रॅम पुसून बसवली. मदरबोर्डावरचे कपॅसिटर पुरीसारखे फुगले होते. खेळ खल्लास.

अप्पा पाटीवर लिहायचे, पण आईला, बसम्माला, वाचता येत नाही. मी वाचून दाखवायला लागलो.

"तुज्या तोंडून त्यांचं बोलनं लय उद्धट वाटतंय," आई म्हणाली.

"त्यांनीच गाढव लिहिलंय."

"लिहिलं आसंल. ते म्हनत्यात तवा तसं वाटत न्हाई."

हार्ड डिस्क धड होती. ती परभणीला नेऊन वाक्यं मोबाइलमध्ये घेऊन आलो असतो. हे आधीच सुचायला हवं होतं, असं मी स्वतःला अप्पांच्या आवाजात सुनावलं. पण अप्पांनी डिस्क उशाखाली घातली आणि पाटीवर लिहिलं: आवाज घराबाहेर न्यायचा न्हाई. गळ्यातलं इष्टलिंग जन्मात कधी अंगावेगळं न केलेला माणूस. शिवाय वाद घालायला दोन्ही बाजूंना तोंड लागतं. म्हणून मी परभणीहून बोर्डच आणला आणि व्हिडिओ बघत स्वतः बसवायला घेतला.

नव्या बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या चौकोनात केसासारख्या शेकडो पिना असतात. त्यांना धक्का लागू नये म्हणून वर प्लास्टिकचं झाकण असतं. आणि आमच्या घरात नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरत नाहीत. मिक्सरला लावली होती, मोटरसायकलला लावली होती, मला तर जन्मल्या जन्मल्या लावली होती. मी जुन्या बोर्डावरून प्रोसेसर सोडवत होतो, तेवढ्यात आईनं ओल्या विभूतीची तीन बोटं नव्या बोर्डावरून ओढली. झाकण काढून.

"झाकण कशाला काढलंस?"

"डोक्यावर टोपी ठिवून कुनी इबूत लावतंय का?"

मी बघितलं तर पिना तीन पट्ट्यांत आडव्या पडल्या होत्या, वाऱ्यानं ज्वारी झोपते तशा.

"आता बोलनार न्हाईत का ते?" आईनं विचारलं.

"बघू."

ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. सकाळी घासलेलीच.

इंजेक्शनचं स्पिरिट घरात भरपूर होतं, त्यानं राख धुऊन काढली. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघत, सुईनं एकेक पिन उभी करत बसलो. अप्पा खाटेवरून बघत होते. मधेच त्यांनी पाटी वर केली: गाढवा, तसं न्हाई. यातलं त्यांना काहीही कळत नव्हतं. दुपारनंतर पाटी वर आली नाही. बोटांत खडू राहीना.

उशाखालची डिस्क मी हळूच काढून घेतली, त्यांनी अडवलं नाही. संध्याकाळी संगणक सुरू झाला, पण मुका. घरात आता दोन झाले. आवाजाचा ड्रायव्हर मोबाइलच्या नेटवर उतरवायला लागलो, तर आमच्याकडचं नेट गोगलगायीलाही वाट देतं. तोवर अप्पांच्या गळ्याच्या भोकातून श्वासाची शिट्टी येत होती, मधे मधे एखादा श्वास गाळत.

ड्रायव्हर बसला. माउस मी त्यांच्या हाताखाली सरकवला. आई खाटेला टेकली.

"आवो, माज्यावर राग धरलाय का?"

अप्पांनी सगळी वाक्यं वरून खाली बघितली, मग खालून वर. राग नाही, असं सांगणारं एकही वाक्य त्यांनी बोलून ठेवलं नव्हतं. चहा आण चालणार नव्हतं. भाव एकच, तेही नाही. आईचं नाव एकाच वाक्यात होतं. दुकानातून घरात हाक मारायचे, ते. त्यांनी त्याच्यावर बोट दाबलं.

"बसम्मा, कुठं मेलीस?"

"हितंच हाय की," आई म्हणाली.

"बसम्मा, कुठं मेलीस?"

"हाय म्हनलं न्हवं. जायलेय कुठं मी." ती पदर तोंडाला लावून हसत होती, बहुतेक हसतच होती.

"बसम्मा, कुठं मेलीस?"

मला जरा उशिरा दिसलं. अप्पांचा हात माउसवरून घसरून खाटेच्या कडेला लोंबत होता. शिट्टी थांबली होती. वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं ते प्लेअरचं रिपीट चालू राहिल्यामुळं.

"बसम्मा, कुठं मेलीस?"

"हितंच."

मी स्पीकरच्या बटणाकडं हात नेला. आईनं माझ्याकडं न बघता मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "इचारायलेत त्ये."