पावतीवरचा गेंडा

शिंपीणबाईला उजेड हवा होता आणि मोठ्या बाईंना जमीन. शिंपीणबाई मागच्या गल्लीत तळमजल्यावर भरदुपारी दिवा लावून काजं करायची. मोठ्या बाई तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या. सात महिन्यांत एक पायरी उतरल्या नव्हत्या. दोघींनी घरांची अदलाबदल ठरवली. कचेरीतल्या कारकुनानं एवढंच मागितलं, की बाईंच्या घराच्या मूळ मालकाची पावती आणा, महसुली तिकिटावर आडवी सही असलेली.

बाईंनी ट्रंकेतून पावती काढली. तिकिटाच्या जागी कोरा चौकोन आणि सहीचं शेपूट तेवढं बाहेर लोंबलेलं.

"अहो, हे काम तुमचंच."

म्हाताऱ्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. चाळीस वर्षं हा माणूस जुनी महसुली तिकिटं जमवत होता, तीही फक्त रानटी जनावरांची. लग्नाचं साल विसरेल, पण रानडुकराचं साल विसरायचा नाही.

"गेंडा होता गं त्यावर. जांभळा. तेवढाच राहिला होता."

"म्हणून माझ्या घराच्या कागदावरनं काढलात?"

"कोमट पाण्यात भिजवून काढला. कुठे फाटू दिला नाही!"

"फार उपकार झाले."

वहीत गेंडा लख्ख होता. सही पाण्याबरोबर मोरीत गेलेली. मालक मरून वीस वर्षं झालेली, मागे रडायलाही कोणी नाही.

बाईंनी खळ केली आणि गेंडा परत पावतीवर डकवला. म्हातारा शेजारी तळमळत होता, "बोटं नको लावूस, बोटं नको." सहीचं शेपूट गेंड्याच्या पायाशी येऊन थांबलं. पुढे काहीच नाही.

म्हाताऱ्यानं पेन काढलं.

"वळण आठवतंय मला त्याचं. ओढू?"

आयुष्यात त्यानं कुठल्या जनावरावर शाईचा ठिपका पडू दिला नव्हता. हे बाईंना ठाऊक होतं. पेनाची एक रेघ ओढली की तळमजला, अंगण, चार बायका, भाजीवाला.

"ठेवा ते पेन."

"अगं, कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना! मेलेल्याची सही करून त्या बाईच्या घरात शिरू? उद्या कागद खोटा निघाला, तर मशीन डोक्यावर घेऊन ती जाईल कुठे?"

खालून हाक आली. "बाई, मिळाली का हो पावती?"

बाई भिंत धरत धरत खिडकीशी गेल्या. "नाही मिळाली. तू दुसरं घर बघ."

शिंपीणबाईनं मान आणखी वर केली. "शोधा की जरा नीट!"

"शोधलं. नाही म्हटलं ना!"

ती गेली. चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"रागावलीस?" म्हाताऱ्यानं मागून विचारलं.

"रागावून जाऊ कुठे? त्या खोलीत तुम्ही, ह्या खोलीत तुमची जनावरं." बाई खिडकीशीच टेकल्या. "सरका. माझा पाय लांब करू द्या."