निधनवार्तांचं पान

एकहार्ट होल्टकांप गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी कार-कारखान्याचे अध्यक्ष फोल्कमार रीडेल घरी आले. एकहार्टच्या मुलीने, गेझीनने, त्यांना कॉफी दिली. घरात केक होता, तो काढला नाही.

"कंपनीतर्फे वर्तमानपत्रात अर्धं पान देतोय," ते म्हणाले. "एकतीस वर्षं दिली तुझ्या बाबांनी. दफनाच्या वेळी दोन शब्द मीच बोलेन म्हणतो."

"कोणते दोन?"

रीडेल हसले. "जीभ अगदी बापाची आहे."

सोळाव्या वर्षी फिटर म्हणून लागलेले बाबा नव्या गाड्यांच्या विभागाचे प्रमुख झाले होते. नऊ वर्षांपूर्वी छोट्या गाडीचे ब्रेक उतारावर निकामी झाले, दोन माणसं गेली आणि प्रमुखाचा निष्काळजीपणा म्हणून कंपनीने बाबांना काढलं. त्याआधी चार महिने त्यांनी रीडेलना लिहिलेल्या पत्राची प्रत घरच्या खणात होती. "ते पत्र बाहेर काढलंस तर कारखाना बुडेल," ते म्हणायचे, "नऊ हजार माणसं जेवतात तिथे." पुढे बेकरीत ते शिरले की बोलणं थांबायचं. मग त्यांनी पाव आणायला जाणंच सोडलं.

"बोला की," गेझीन म्हणाली. "शुक्रवारी अकराला."

या गावात फुटबॉलच्याही आधी निधनवार्ता वाचतात. वर घरच्यांची चौकट, तिच्याखाली कंपनीची. हा क्रम संपादक कधी मोडत नाही. घरचे काय छापणार, हे रीडेलनी विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी चौकटीत बाबांचं नाव होतं, दोन तारखा होत्या आणि बायबलमधल्या ओळीच्या जागी हे: 'या गाडीचे ब्रेक उतारावर टिकत नाहीत. ती बाजारात आणू नये. फोल्कमार रीडेल यांस, १४ मार्च.' खाली अर्धं पान कृतज्ञता, रीडेल यांच्या सहीनिशी.

तरी ते आले. न येणं म्हणजे कबुलीच झाली असती. दफनभूमीत कारखान्यातली चारेकशे माणसं उभी होती. रीडेलना वाट करून देताना म्हातारा फोरमन डेटलेफ म्हणाला, "या साहेब. अर्धं पान अपुरं पडलं असेल."

रीडेल गेझीनजवळ येऊन कुजबुजले, "एकहार्टला हे आवडलं नसतं."

"नसतंच. म्हणून ते जाईपर्यंत मी थांबले."

रीडेलनी हातातला भाषणाचा कागद खिशात घातला आणि ते मागे वळू लागले. तेवढ्यात गेझीन पाद्रीबाबांना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता रीडेलसाहेब बोलतील," आणि कबरीच्या कडेची आपली जागा तिने त्यांना करून दिली.