तीन हाका

खडीचा क्रशर बंद पडला तेव्हा आवारातल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. झाली नाही ती फक्त कानसेनची. त्याच्या तळहाताखाली कठड्याचा पाइप थरथरायचा थांबला, तेव्हा कुठे त्याला कळलं.

कानसेन हे नाव उमेदीच्या काळातलं. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, आत कठीण दगड पडलाय की मऊ, मोटर खुशीत आहे की कण्हतेय. दगड चिरडणारा जबडा गच्च भरायच्या आधीच हा वरून येणारे दगड थांबवायचा. पुढे क्रशरने त्याचे कानही हळूहळू दळून टाकले. नाव तेवढं त्याने जपून ठेवलं. बायकोची हाक ऐकू येत नाही ही तक्रार सगळ्याच नवऱ्यांबद्दल असते, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. खाली पट्ट्यावर खडीतली माती वेचणाऱ्या त्याच्या बायकोला मात्र पक्कं ठाऊक होतं.

"झोपला होतास का रे?" मालक शिडी चढून समोर येऊन ओरडला. समोरून ओरडलं की कानसेनला ओठ वाचता येत. "मोटर कधीची बोंबलत होती! मार परत बटण, निघतील दगड."

"भरल्या तोंडी चालवला तर मोटर जळेल, मालक. नाहीतर दगड उडून कुणाचं तरी टाळकं फुटेल. हातानेच रिकामा करायचा."

"म्हणजे दिवस गेला माझा!"

"दिवस उद्या परत येतो. हात येत नाही."

त्याने मेन स्विच पाडला, वर कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या दोरीला अडकवली. अवजड चाक आपोआप फिरू नये म्हणून ठोकळे ठोकले. मग त्याचा मेहुणा, इथला वेल्डर, कमरेला पट्टा बांधून जबड्यात उतरला आणि साखळीने दगड वर येऊ लागले.

एका मजुराचा हात या जबड्यात गेल्यापासून कानसेननेच एक नियम घालून दिला होता. चालू करण्याआधी "आत कोण?" अशा तीन हाका मारायच्या, प्रत्येक हाकेनंतर थांबायचं, उत्तर आलं नाही तरच कुलूप काढायचं. नियम चोख होता. फक्त गेली काही वर्षं कानसेनला उत्तर कधीच आलं नव्हतं.

दुपार कलताना जबडा मोकळा झाला. मेहुणा वर आला. कानसेनने ठोकळे काढले, हाका मारल्या, प्रत्येक हाकेनंतर मन लावून थांबला. कुलूप काढलं, स्विच चढवला. बोट बटणाकडे गेलं, तोच बायकोने धावत येऊन दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

तो हसला. "अगं, कुणी नाही आत. हाका मारल्या की मी."

तिने नुसतं बोट दाखवलं.

कानसेन ठोकळे काढायला वाकला होता तेवढ्यात विसरलेली पहार घ्यायला मेहुणा पुन्हा आत उतरला होता. हातोड्याने लोखंड बडवत होता, तोंड उघडत-मिटत होतं. सगळं आवार ऐकत होतं. कानसेनला फक्त ओठ दिसले. भावोजी, भावोजी.

मेहुणा बाहेर येऊन जमिनीवरच बसला. कुणी शिवी दिली नाही. मालकानेसुद्धा नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"केव्हापासून?" मालकाने हळूच विचारलं. ओठ हलले तेवढे दिसले.

कानसेनने गळ्यातली दोरी काढून किल्ली मेहुण्याच्या हातात दिली. "तीन हाका. मधे थांबायचं."

"हो, भावोजी."

कानसेन शिडी उतरून तिच्या कठड्याच्या खालच्या टोकाशी, बायकोजवळ उभा राहिला. वर मेहुणा पाठमोरा होता. मालक त्याच्या कानाशी म्हणत होता, "सगळे समोर तर आहेत. आटप, डंपर खोळंबलेत."

"मारल्या का त्याने हाका?" कानसेनने बायकोला विचारलं.

मेहुण्याने एकच मारली होती, आणि तिच्यानंतर तो थांबलाही नव्हता. बायकोने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि तीन बोटं दाखवली.

कानसेनने समाधानाने मान हलवली आणि सवयीने कठड्यावर तळहात ठेवला. पाइप थरथरायला लागला होता.