गळ्यातली चांदी

मी एक नळी बोलतेय. चांदीची, करंगळीएवढी, मधे वाकलेली. वऱ्हाडात चांदी म्हटली की लोकांना तोडे आठवतात, वाळे आठवतात, फार तर बैलाच्या शिंगांवरच्या शेंब्या. मी त्यातली नव्हे. माणसाचा गळा आतून बंद झाला की पुढून चीर देऊन मला आत बसवतात, आणि मग तो माझ्यातून श्वास घेतो. माझ्या पोटात आणखी एक बारीक नळी असते. ती काढून साफ करायची आणि पुन्हा घालायची. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

मी विलायतेत घडले. जहाजातून मुंबईला आणि तिथून पुढे हाडं खिळखिळी करणाऱ्या बैलगाडीतून अकोल्याच्या दवाखान्यात आले. तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. आजारी पडायलाही कोणाला फुरसत नव्हती. मी मखमलीच्या डबीत पडल्या पडल्या काळवंडून गेले. पुढे डॉक्टरसाहेबांची बदली अमरावतीला झाली, तशी सामानाबरोबर मीही गेले.

इनायतुल्ला अमरावतीच्या बाजारातला कापसाचा दलाल. आवाज असा, की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचे बैल कान टवकारत. त्याच्याच घशात गळू झालं. थुंकीसुद्धा गिळवेना. त्याची बायको फरजाना त्याला दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा प्रत्येक श्वासाला करवतीसारखा आवाज येत होता.

साहेबांच्या हाताखालचे डॉक्टर रामराव यांनी भूल देण्याची तयारी केली आणि रीतीप्रमाणे त्याला टेबलावर आडवं केलं. आडवं होताच आवाज थांबला. ओठ जांभळे पडले. रामरावांनी त्याला झटक्यात उठवून बसवलं, तेव्हा कुठे करवत पुन्हा सुरू झाली. साहेबांनी क्लोरोफॉर्मची बाटली कपाटात ठेवली. आता जो दम चालला आहे तो त्याच्या स्वतःच्या धडपडीवर चालला आहे, भूल दिली तर तीही थांबेल, असं ते म्हणाले. तेव्हा बसल्या बसल्याच चीर द्यायचं ठरलं. रामरावांनी मागून डोकं धरलं. फरजानानं दोन्ही हात धरले. मी आत गेले, आणि माझ्यातून वारा सुटला.

तो वाचला. फरजाना रडली, रामरावांनी कपाळावरचा घाम पुसला. मला काही वाटलं नाही. धातूला वाटत नाही. मी हळूहळू त्याच्या अंगाइतकी गरम झाले, बस.

गळू बरं झालं, पण आतली वाट आवळली ती कायमची. मला काढून पाहिलं की त्याचा जीव घाबरा होई. म्हणून मी तिथेच राहिले आणि त्याचा आवाज गेला. लोक हळहळले, की मुका दलाल आता काय धंदा करणार? लोकांना हळहळायला आवडतं. ते विसरले, की त्यांच्या बाजारात भाव कधी तोंडानं बोलतच नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. चेहऱ्यावरून कोणी ताडू नये म्हणून दोघांनीही तोंड फिरवून भलतीकडे पाहायचं. हात सुटला की बोलणी मोडली. इनायतुल्लाची बोटं शाबूत होती. धंदा जोरात चालला.

घरी फरजाना रोज सकाळी माझी आतली नळी काढी, कोंबड्याच्या पिसानं आणि कोमट पाण्यानं धुई, परत बसवी. मग माझ्या तोंडावर मलमलीचं ओलं फडकं बांधी. बाजारात कापसाचे तंतू उडतात, ते आत गेले तर नळी बुजेल, अशी रामरावांची ताकीद होती. ते फडकं तो कधी विसरला नाही.

त्या दिवशी भातकुलीचे शेतकरी खुशालराव कापसाच्या गाड्या भरून आले. आधीच्या सौद्यातल्या ढिगावर, तो विकला गेल्याची खूण म्हणून, इनायतुल्ला आपला रुमाल टाकून आला होता. खुशालरावांनी घाईनं हात पुढे केला. झाकायला कापड हवं, म्हणून त्यानं गळ्याचं ओलं फडकं सोडलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं. तेवढ्यात शेजारच्या गाडीवरून हमालांनी कापसाचा बोरा उपडा केला.

पांढरा धुरळा उठला. तो खोकला, मग जोरानं श्वास ओढला. तंतू माझ्यात आले, ओलाव्याला चिकटले, त्यांचा बोळा झाला. आवाज करायला त्याच्याजवळ आवाज नव्हता. डावा हात गळ्याशी आला. पण आतली नळी काढायला दोन हात लागतात, एकानं बाहेरची धरायची आणि दुसऱ्यानं आतली फिरवून ओढायची. उजवा हात फडक्याखाली खुशालरावांच्या हातात अडकला होता. त्यांचा हात त्यानं सगळ्या बोटांनी आवळला, सैल केला, पुन्हा आवळला.

खुशालराव रीतीप्रमाणे दूर आपल्या गाड्यांकडे पाहत होते. बोटांवरचा दाब वाढत चालला तसे ते खूश झाले. असा भाव आजवर कोणी दिला नव्हता. दलालाचं मन फिरू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरून ठेवला. इनायतुल्ला खाली कोसळला तेव्हासुद्धा तो हात त्यांच्याच हातात होता.

मी त्याच्या गळ्यात होते. तो थंड होत गेला, तशी मीही झाले.

दफन झाल्यावर खुशालराव घरी आले. फरजानानं मला धुऊन ताटलीत ठेवलं होतं. त्यांनी ताटली पुढ्यात ओढली. मग त्यांनी विचारलं, "भाभी, हे कसं निघते?"

तिनं दोन्ही हातांनी काढून दाखवलं.

"एका हातानं नाही निघत?"

"नाही निघत, भाऊ."

त्यांनी मला डाव्या हातात घेऊन पाहिलं. बोट घसरलं. पुन्हा पाहिलं. "मले वाटलं भाव चढवून राह्यला," ते म्हणाले. "म्हणून मी सोडलं नाही."

"तुमी त्याहिच्या तोंडाकडे पाह्यलं नाही का?"

"सौद्यात तोंडाकडे पाह्यत नसतेत, भाभी."

"मालूम आहे मले," फरजाना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. दवाखान्याची वस्तू आहे, जाता जाता देऊन द्या, असं सांगून तिनं मला त्यांच्याजवळ दिलं.

त्यांनी मला दवाखान्यात दिलं नाही. मी अजून भातकुलीतच आहे. कापसाच्या हंगामाचे दिवस आहेत, अंगणात गाड्या जुंपून उभ्या असतात, माणसं हाका मारतात, आणि खुशालराव ओसरीवर बसून डाव्या हातानं माझी आतली नळी काढू पाहतात. ती निघत नाही. रामरावांचे निरोपावर निरोप येतात, की अमरावतीत दुसरी नळी नाही, उद्या कोणाचा गळा बंद झाला तर काय घालू? खुशालराव ऐकतात आणि मूठ मिटतात.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर त्यांना सांगा. ती एका हातानं निघत नाही, कोणाकडूनच निघाली नसती. त्यांनी आता तरी सोडावं.