दोन तास बसून

कागदी पेल्याच्या तळाशी चिकट पाण्याचा एक थेंब उरला होता — तोही प्यायचा असतो का? रक्त घेणाऱ्या बाईंनी "सगळं संपवायचं हं" म्हणून बजावलं होतं, तेव्हा तिनं पेला पार उलटा करून तोही जिभेवर घेतला. शिसारी येईल इतका गोड. आता दोन तास, मग रक्त, मग आकडा... सहावा महिना, आणि आपलंही आईसारखंच होणार का, ते आज कळायचं होतं.

आईला धाकट्याच्या वेळी साखर निघाली होती. दोन जिवांची आहेस, पडून राहा — सगळ्यांनी सांगितलं आणि आई पडून राहिली, उशाशी मासिकांचा ढीग लावून. पुढं काही वर्षांनी तीच साखर कायमची मुक्कामाला आली. हिनं मात्र डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून घेतलं होतं. "रोज जेवणानंतर अर्धा तास चाल. धोका कमी होतो. टळेलच असं नाही सांगत." कमी होतो, एवढं तिला पुरे होतं. तेव्हापासून ग्रंथालयात डबा खाऊन झाला की परत आलेली पुस्तकं ती स्वतः जागेवर लावायची — इतिहासाकडून वनस्पतिशास्त्राकडे, पुन्हा इतिहासाकडे — आणि घरी सासूबाई म्हणायच्या, "अगं, बस की! माहेरून पायाला भिंगरी लावून आलीयेस का?"

"माहेरचं दुसरं काही येऊ नये म्हणून तर चालतेय, आई."

सासूबाई हसायच्या, खुर्ची मात्र पुढं सरकवायच्याच.

बाकावर बसल्या बसल्या पाय चुळबुळायला लागले. ती उठली. वजनकाट्यापासून खिडकीपर्यंत बेचाळीस पावलं, परत बेचाळीस. जमतंय की! प्रत्येक फेरीला साखर थोडी थोडी जिरतेय, अभ्यास झालेला आहे, पेपर सोपा जाणार...

"अहो! किती वेळ चालताय?"

"तासभर," ती अभिमानानं म्हणाली. "भराभर."

रक्त घेणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! साखर तुम्हीच खाली आणलीत, मग मी मोजू काय? ही तपासणी बसून करतात. सांगितलं नव्हतं मी?"

"फक्त संपवायचं म्हणालात."

बाईंनी हातातली सुई परत ठेवून दिली. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. परवा या, उपाशीपोटी. आणि ती चाकं घरी काढून ठेवा."

तिला हसू आलं, मग कान तापले. परीक्षेत आपण चक्क कॉपी करत होतो... चालणं सोडायचं नाही, ते आपलं आहे. पण परवा दोन तास काही न करता बसायचं, आणि येईल तो आकडा बघायचा. आई पडून होती तेव्हा काय करत असेल? मासिकाचं एक पान किती वेळ तसंच उघडं राहत असेल? इतकी वर्षं तिला आळशी समजलो आपण.

घरी जायला हरकत नव्हती, तरी ती बाकावर बसली. सरावाला म्हणून. पाय जमिनीला टेकवून, अगदी स्थिर. पोटातलं कुणीतरी तेवढ्यात इकडून तिकडे फिरून गेलं — बाईंची ताकीद त्याला लागू नव्हती — आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं ती विसरूनच गेली.