सुट्टीच्या दिवशी वाजलेला रूळ

मी रुळाचा तुकडा बोलतोय. थ्योलोच्या डोंगरउतारावर, चहाच्या मळ्याच्या फाटकाशी एक जुनी निलगिरी आहे. तिच्या फांदीला मी साखळीनं टांगलेला आहे. अंगावर गंज चढलाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. खोटं वाटत असेल तर पलीकडच्या टेकडीवर जाऊन विचारा.

जन्मलो तेव्हा माझ्या नशिबी आडवं पडून राहणंच होतं. वरून मालगाड्या जायच्या आणि मी मुकाट सोसायचो. मग तो फाटा बंद पडला, गवत वाढलं. कुणीतरी आम्हाला कापून तुकडे केले. माझा एक भाऊ शाळेत गेला, एक चर्चमध्ये. मला मळा मिळाला. आधी वाईट वाटलं. पण पहिल्याच पहाटे माझ्यावर ठोका पडला आणि डोंगरभर कंदील हलू लागले. एवढी माणसं माझ्या एका आवाजावर उठतात, हे पाहून मला अंगभर कापरं भरलं, आणि ते नुसतं ठोक्याचं नव्हतं.

मला वाजवतात मागोम्बो काका, फाटकाचे राखणदार. त्यांच्या कोटाच्या खिशात एक जाडजूड बोल्ट असतो. ठोका देण्याआधी ते मला बाहीनं पुसतात, लेकराचं तोंड पुसावं तसे. त्या बोल्टला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा मळ्याचा दंडक. पहाटे वाजलो तर काम, संध्याकाळी वाजलो तर घर. भलत्या वेळी वाजलो तर आग, नाहीतर मयत.

माणसांची एक गंमत सांगतो. कारखान्यातले कायम नोकरीवाले माझ्या नावानं बोटं मोडतात. "वाजलं मेलं पुन्हा!" म्हणत कूस बदलतात. आणि हंगामापुरत्या पानं खुडायला येणाऱ्या बायका मात्र पाठीवर टोपली टाकून माझ्याकडे हसत पळत येतात. मी वाजलो तरच त्यांना रोज मिळणार, नाहीतर नाही. त्यामुळे सुट्टीचा दिवस आला की सगळं उलटं व्हायचं. कायमवाले पगारी सुट्टी घेऊन घरी लोळायचे, कारखाना बंद, मी गप्प, आणि बायकांच्या घरी चूलही गप्प.

त्यातून चिलेम्ब्वे दिवस, म्हणजे आमच्या एका हुतात्म्याच्या आठवणीची सुट्टी, जानेवारीत. मका शेतात हिरवा असतो आणि घरातली कणगी रिकामी. त्या दिवसांत एक रोज बुडणं म्हणजे लेकरांना एक दिवस उपाशी ठेवणं.

एनेलेसी ही आमच्या मळ्यातली सगळ्यात चपळ खुडणारी. तिचं हसणं वरच्या वाफ्यातून खाली फाटकापर्यंत ऐकू येतं. गेल्या वर्षी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती काकांपाशी येऊन बसली.

"काका, उद्या चुकून वाजवल्यासारखं वाजवा की."

"चुकून? पोरी, मला काय भूल पडलीय? नोकरी जाईल माझी."

"तुमची जाईल, माझी तर धड आहे तरी कुठे!" ती हसली, पण नेहमीसारखं खालपर्यंत ऐकू येईल असं नाही.

तिचा धाकटा भाऊ नांग्वाले कारखान्यात कायम, शिवाय कामगारांचा पुढारी. कायमवाल्यांसाठी साहेबाशी दरवर्षी भांडायचा. बायकांचा विषय निघाला की म्हणायचा, "पुढच्या खेपेला बघू." आमच्याकडे भाच्यांच्या पोटाचं आधी मामाला विचारतात, बापाला नंतर. त्यामुळे हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या दाराकडं फिरकायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर एनेलेसी आली. डोक्यावर रिकामं सूप, मागं पंचवीसतीस बायका. काका चहा ओतत होते, बोल्ट बाकावर पडलेला. तिनं सूप खाली ठेवलं, बोल्ट उचलला आणि मला हाणला. काय सांगू! काका हलक्या हातानं वाजवतात. ही तर माझ्या आतल्या जुन्या मालगाड्या जाग्या करत होती.

भलत्या वेळी वाजलो म्हटल्यावर सगळी वस्ती बादल्या घेऊन पळत आली. सगळ्यात पुढे नांग्वाले, नुसत्या बनियनवर, ओठांवर थोब्वाचा, मक्याच्या आंबट पेयाचा, पांढरा फेस तसाच.

"ताई, आग कुठाय?"

"कुठेच नाही, तेच सांगायला आलेय. आमच्या एकीच्याही चुलीत आज आग नाही. मामा म्हणवतोस ना? भाचरं काय खाऊन बसलीत, विचार जा. मिशी पूस आधी!"

बायका खदखदून हसल्या. नांग्वालेनं ओठ पुसले. ती थांबली नाही. "मळ्यातल्या मजुरांचे हाल बघवले नाहीत म्हणून जो उठला आणि मेला, त्याचा आज दिवस. तो मळ्यातल्या बायकांनी उपाशी पाळायचा? सुट्टी द्यायची तर पगारासकट द्या. नाहीतर काम द्या!"

तेवढ्यात साहेबाची गाडी आली. "कुणी वाजवलं?"

"बोल्ट माझा आहे, साहेब," काका उठून म्हणाले.

"काका, बसा तुम्ही. मी वाजवलं."

"उद्यापासून येऊ नकोस."

मग नांग्वालेनं हातातली बादली उपडी केली आणि माझ्याखाली तिच्यावर बसला. "मग आम्हीही नाही येणार, साहेब. ताईला ठेवा आणि खुडणाऱ्या सगळ्याजणींना पगारी सुट्टी द्या. तोवर रूळ वाजवा, नाहीतर फोडा." त्याच्यामागे एकेक बादली उपडी पडत गेली.

दुसऱ्या पहाटे साहेबाच्या हुकमानं काकांनी मला वाजवलं. मी जीव तोडून वाजलो. एक कंदील हलला नाही. एरवी मला हा अपमान वाटला असता. त्या दिवशी मात्र अभिमानानं ऊर भरून आला. पुढे पानं जून व्हायला लागली तसा साहेब नरमला. एनेलेसी राहिली आणि हंगामी बायकांनाही सुट्टीचा पगार मिळाला.

आज पुन्हा चिलेम्ब्वे दिवस. मी गप्प आहे, आणि खाली प्रत्येक घरातून धूर निघतोय. माझ्या आयुष्यात एवढी सुंदर पहाट मी पाहिली नव्हती, आणि ती न वाजता मिळाली.

आत्ताच एनेलेसी आली. धुतलेला चितेंजे नेसलीय, हातात काकांसाठी थोब्वाचा तांब्या.

"काका, सुट्टीच्या दिवशी इथं काय करताय?"

"फाटक राखतोय. राखणदाराला कुठली आलीय सुट्टी?"

"मग आजचं जास्तीचं देतात का?"

"छे! नेहमीचंच."

"आणि बोलला नाहीत कधी?"

"कुणी विचारलं नाही, पोरी."

मंडळी, तुमच्या गावातही सणासुदीला कुणीतरी असंच फाटकाशी बसलेलं असेल. त्याला एकदा विचारा, एवढंच माझं मागणं.

एनेलेसीनं तांब्या बाकावर ठेवलाय. काकांकडे बघत तिनं तळहात पुढे केला.

"काका, बोल्ट द्या."

काकांचा हात हळूहळू खिशात चाललाय. आज मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. मी तयार आहे.